वाचताना सगळं समजतं, मग बँकेत गेल्यावर आठवत का नाही?



पीएमईजीपी योजनेची माहिती तुम्ही दोन-तीनदा वाचता. महत्त्वाच्या ओळी हायलाईटरने पिवळ्याही करता. वाटतं, झालं, आता सगळं पाठ आहे. मग बँकेत मॅनेजर साहेब साधा प्रश्न विचारतात, "सबसिडी किती आणि ती कधी मिळणार, माहिती आहे ना?" आणि तिथेच आपली गाडी अडते.

तुम्ही म्हणाल, सर, माझी स्मरणशक्तीच कच्ची आहे. पण बहुतेक वेळा गडबड स्मरणशक्तीत नसते, वाचायच्या पद्धतीत असते.

बघा, ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. बाजारात एखादा माणूस दिसतो, चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. वाचनाचंही तसंच आहे. तोच मजकूर तिसऱ्यांदा वाचताना तो ओळखीचा वाटतो आणि मेंदू त्या ओळखीलाच "मला येतंय" असं समजून बसतो. बँकेत मात्र तो कागद समोर नसतो!

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने चारही वेळा फक्त वाचन केलं. दुसऱ्या गटाने पहिल्यांदा वाचलं आणि पुढच्या तीन वेळा उतारा न बघता आठवेल तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने परत घेतली, तर चित्र उलटं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्या गटालाच होती.

तुमची बँकेची अपॉइंटमेंट पाच मिनिटांनी असते की आठवड्याने, ते तुम्हीच सांगा.

पण नुसतं आठवून भागत नाही, आधी नीट समजावं लागतं. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी लोकांना एक विचित्र उतारा ऐकवला. वस्तूंचे वेगवेगळे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, झाल्यावर परत ढीग लावा, अशा थाटाचा. शब्द सगळे सोपे, पण अर्थ लागेना. तो उतारा कपडे धुण्याबद्दल होता! ज्यांना हे आधी सांगितलं होतं, त्यांना तो समजलाही आणि जास्त आठवलाही. ज्यांना नंतर सांगितलं, त्यांना काहीच फायदा झाला नाही. म्हणून योजनेचं पत्रक उघडण्याआधी ठरवा, मला यातून नेमकं काय शोधायचंय? खिशातून किती जाणार? सरकार किती देणार? कधी देणार? हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि मगच वाचायला बसा.

आता सगळ्यात धोक्याची जागा. आपण वाचतो ते जुन्या माहितीच्या साच्यात बसवून वाचतो. केंब्रिजच्या बार्टलेट यांनी १९३२ सालच्या पुस्तकात हे दाखवलं. इंग्रज वाचकांना मूळ अमेरिकी आदिवासींची एक कथा दिली. पुन्हा सांगताना त्यांच्या तोंडी सीलची शिकार मासेमारी होऊन आली. मुद्दाम कोणी बदललं नव्हतं, जे ओळखीचं तेच आठवलं.

आपल्याकडे हेच "मार्जिन मनी" या शब्दाचं होतं. बँकेच्या रोजच्या भाषेत मार्जिन म्हणजे तुम्ही स्वतः घालायचे पैसे. पीएमईजीपीमध्ये मार्जिन मनी म्हणजे सरकारची सबसिडी. शब्द तोच, अर्थ एकदम उलटा. शिवाय "३५ टक्के" हा आकडा डोक्यात पक्का बसतो, कारण तो आपल्याला हवा असतो. तो ग्रामीण भागातल्या विशेष प्रवर्गासाठी आहे (महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरे). याच प्रवर्गाला शहरात २५ टक्के मिळतात. सर्वसाधारण प्रवर्गाला ग्रामीण भागात २५ आणि शहरात १५.

एक हिशोब करू. गाव ग्रामीण, अर्जदार सर्वसाधारण प्रवर्गातला, प्रोजेक्ट १० लाखांचा. स्वतःचे १० टक्के, म्हणजे १ लाख. बाकी ९ लाख बँकेचं कर्ज. सबसिडी २५ टक्के, म्हणजे अडीच लाख. पण ती तुमच्या हातात येत नाही. बँक ती तुमच्या नावाने तीन वर्षं वेगळी ठेवते आणि युनिट व्यवस्थित चालू असेल तर नंतर कर्जात वळती करते. ज्याने "सरकार अडीच लाख देतंय, मग माझे एक लाख कशाला?" असं वाचलं आणि त्या भरवशावर मशीनचा ॲडव्हान्स देऊन टाकला, त्याचं काय होईल, विचार करा.

म्हणून वाचून झालं की मोबाईल पालथा ठेवा. कोरा कागद घ्या आणि वरचा हिशोब स्वतःच्या प्रोजेक्टसाठी, न बघता मांडा. अडाल. अडायलाच पाहिजे, कारण कुठे अडलो ते वाचताना कळतच नाही. मग फक्त तेवढाच भाग परत बघा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. तिसऱ्यांदा घरात कोणाला तरी समजावून सांगा, आईला, नवऱ्याला, बायकोला, कोणालाही. त्यांनी "म्हणजे पैसे आपल्या खात्यात कधी येणार?" असं विचारलं आणि तुम्हाला कागद शोधावा लागला, तर बँकेत जायचा दिवस अजून दोन दिवस पुढे ढकला.

आणि हो, जाताना तो शेवटचा, न बघता लिहिलेला कागदच फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.