वाईनमध्ये जांब कुठून आला?

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी रसमड्याच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर सहा बाटल्या होत्या, सगळ्या वर्तमानपत्राच्या कागदात गळ्यापर्यंत गुंडाळलेल्या. रसमडा म्हणजे दुर्ग-भिलाईच्या बाजूचं कारखान्यांचं गाव. वारा फिरला की धुराचा वास घरात येतो, म्हणून खिडक्या आधीच लावून घेतल्या. उदबत्ती लावली नव्हती, फोडण्या सकाळीच उरकल्या होत्या. नागपूरहून दीर आणि जाऊबाई आले होते, भिलाईची नणंद होती आणि जर्मनीत नोकरी करणारा तिचा मुलगा सुट्टीवर आला होता. हा सगळा घाट त्याचाच. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे शंकांची उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या बाटलीतून ग्लासात बोटभर ओतलं. नणंदेने ग्लास नाकाशी नेला आणि थांबली. "वहिनी, यात जांब टाकला का हो?"

आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात, छत्तीसगढीत बिही. वास खरोखरच पिकत आलेल्या फळाचा होता. कागद काढल्यावर कळलं, ती नाशिकची सोव्हिन्यों ब्लां होती. लेबलवर 'पेरू', 'पीच', 'ढोबळी मिरची' असं छापलेलं असतं, त्यामुळे वाईनमध्ये फळांचा अर्क घालतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. या वाईनमध्ये द्राक्षाचा रस असतो, तो आंबवणारं यीस्ट असतं आणि टिकण्यासाठी थोडा सल्फर डायॉक्साइड. जांबाचा वास येतो तो गंधकयुक्त रेणूंमुळे. द्राक्षात ते वासहीन रूपात बांधलेले असतात, आंबताना यीस्ट त्यांना मोकळं करतं. पेरूमध्येही याच जातीचे रेणू आहेत. ढोबळी मिरचीचा हिरवा वास तर द्राक्षातच असतो, आणि मिरचीत जो रेणू आहे तोच तिथेही आहे. व्हॅनिलाचा वास ओक लाकडाच्या पिंपातून उतरतो. म्हणजे नणंदेचं नाक बरोबर होतं, चूक होती ती 'टाकला' या शब्दात.

ती हे बोलली म्हणून मला फार बरं वाटलं. एरवी अशा वेळी माणसं गप्प बसतात. वाईनची चव सांगायला काहीतरी खास शिक्षण लागतं, ब्लॅकबेरी आणि गूजबेरी खाल्लेली असावी लागते, असा धाक मनात असतो. पण शब्द आपल्या घरातलेच लागतात. कवठ, करवंद, कैरी, कोकम, पहिल्या पावसाची माती, जुन्या पुस्तकाचं पान: ज्याचा वास तुमच्या डोक्यात पक्का बसला आहे तो शब्द खरा.

आणि एका बाबतीत तर आपली भाषा सरस आहे. लाल वाईनचा घोट घेतला की पहिल्यांदा पिणारा हमखास म्हणतो, "कडू आहे." जाऊबाईही तेच म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, कारलं आठवा आणि मग आवळा आठवा. त्यांनी पुन्हा घोट घेतला आणि म्हणाल्या, "तुरट." इंग्रजीत कोरड्या वाईनला आणि तोंड कोरडं पडण्याला एकच शब्द वापरतात, त्यामुळे तिथे कायमचा घोळ. आपल्याकडे सहा रसांत तुरट वेगळा काढून ठेवला आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बीमध्ये टॅनिन असतं, ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि जिभेवरचा ओलसरपणा ओढून घेतं. कच्चं केळं, जांभूळ, बिनदुधाचा कडक चहा यांतही हेच होतं. वाईनच्या जगात 'कोरडी' म्हणजे साखर जवळजवळ नसलेली, साधारणपणे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत. तिचा तुरटपणाशी संबंध नाही.

वाईन गोडच असते ही समजूत आपल्याकडे बहुतेक गोव्याच्या पोर्टमुळे आली. सहलीला गेलेला प्रत्येक जण एक बाटली आणायचा, आणि बाळंतिणीला, आजाऱ्याला 'ताकदीसाठी' दोन चमचे द्यायचे असंही मी लहानपणी पाहिलं आहे. मूळ पोर्ट पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली. आंबणं पूर्ण होण्याआधीच तिच्यात द्राक्षाची स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं आणि साखर तशीच राहते. १७५६ साली तिच्या प्रदेशाची हद्द सरकारने आखून दिली. गोव्यात जे त्या नावाने विकलं जातं ते वेगळं पेय आहे. आमच्या टेबलावर तीही एक बाटली होती आणि दिरांना ती मनापासून आवडली, यात वावगं काहीच नाही. फक्त ती औषध नव्हे, बाळंतिणीसाठी तर मुळीच नव्हे.

इथे थोडं थांबायला हवं. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन ही दारू नव्हे असं जाहीरपणे बोललं गेलं. शेतकऱ्याचा फायदा हा मुद्दा वेगळा, त्यावर चर्चा व्हावी. पण शरीराला लेबल वाचता येत नाही. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात १३ टक्के अल्कोहोल धरलं तर शुद्ध अल्कोहोल साडेएकोणीस मिलिलिटर होतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते तेरापेक्षा थोडं कमी असतं. म्हणजे एक ग्लास वाईन ही दीड छोट्या पेगइतकी. पूर्ण बाटलीत असे साडेसात पेग भरतात. रेड वाईन हृदयाला चांगली, हेही याच घराण्यातलं वाक्य. १९९१ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने ते घराघरात नेलं. द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल हे त्याचं कारण म्हणून सांगतात, पण लिटरभर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं आणि प्रयोगांत वापरतात शेकडो मिलिग्रॅम. अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरतं, आणि जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अल्कोहोलची कुठलीच मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही असं स्पष्ट सांगितलं. ज्याला चवीसाठी घ्यायची त्याने चवीसाठी घ्यावी, बोटभर. आरोग्यासाठी कुणी सुरू करू नये. आम्ही सहा बाटल्या उघडल्या, पण प्रत्येकीतलं बरंचसं उरलं आणि तोंडात घोळवलेलं थुंकायला मधोमध एक पातेलं ठेवलं होतं. चव घेणारे व्यावसायिकही थुंकतातच.

आमच्या भागातला आणखी एक समज म्हणजे मोहाची ती आपली गावठी वाईन. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळलेली मोहफुलं वेचताना मी पाहिली आहेत, त्यांच्यात साखर भरपूर असते. ती भिजवून आंबवतात इथपर्यंत वाईनशी साम्य आहे. पण मग ते भट्टीवर चढवून वाफ थंड करतात. वाईन कधीच भट्टीवर चढत नाही, चढली की ब्रँडी होते. मोहाची ही ब्रँडीची बहीण. वाईनच्या जवळचं काही बघायचं तर बस्तरची सल्फी, झाडाच्या रसाची, आपोआप आंबणारी.

मध्ये भाचा म्हणाला, "मामी, रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची असते ना?" हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांसाठी आहे. तिथली खोली १६-१८ अंशांची. दुर्ग-भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो. त्या तापमानात लाल वाईन दिली की नुसतं अल्कोहोल नाकात चढतं आणि फळ उकडल्यासारखं लागतं. आपल्याकडे लाल वाईनही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढावी, आणि पांढरी अतिगार झाली असेल तर पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवावी, कारण फार थंड द्रवाला वासच येत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारी, गॅसच्या उष्णतेत महिनोन्महिने बाटली जपून ठेवणं म्हणजे ती सावकाश शिजवणं. तसंही जपून ठेवण्यासारख्या वाईन थोड्याच. जगातल्या बहुतेक वाईन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात. पिळाचं झाकण असलेली हलकी, हाही गैरसमजच. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर खोऱ्यातल्या रीसलिंग करणाऱ्यांनी २००० साली बूच सोडलं ते बुचातून येणाऱ्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या वासाला कंटाळून.

ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या रेघांवरूनही दर्जा कळत नाही. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, पृष्ठताण बदलतो आणि द्रव वर चढून पुन्हा ओघळतो. रेघा ठळक म्हणजे अल्कोहोल जास्त, एवढंच. डोकं दुखतं ते सल्फाइटमुळे, हेही बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही. पांढऱ्या वाईनमध्ये सल्फाइट सहसा लालपेक्षा जास्त असतं आणि सुक्या जर्दाळूत त्याहून जास्त, पण तक्रार मात्र लालची होते. (दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, त्यांनी जपावं.) शाकाहारी वाचकांना मात्र एक गोष्ट मुद्दाम सांगते: वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी नुसती बेंटोनाइट माती. आपल्याकडच्या बाटलीवर हिरवा ठिपका शोधावा.

आता कागदांबद्दल. बाटल्या गुंडाळण्याचा आग्रह माझा होता. २००१ साली बोर्दोमध्ये वाईनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी लाल वाईनचे शब्द वापरून तिचं वर्णन केलं. शिकलेलं नाकही डोळ्यांचं ऐकतं. मग 'फ्रान्स' हा शब्द, जाड काच, सोनेरी अक्षरं यांचं किती ऐकत असेल! २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर यांनी लेबलं झाकून चव घ्यायला लावली, आणि फ्रेंच परीक्षकांनी लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाईनला पहिला क्रमांक दिला.

नाशिकबद्दल दोन समजुती मला विशेष टोचतात. एक, खाऊन उरलेल्या द्राक्षांची वाईन करतात. थॉम्पसन सीडलेस, सोनाका ही आपली खाण्याची द्राक्षं पातळ सालीची, बिनबियांची. वाईनची शिराझ, शेनिन ब्लां, काबर्ने ही लहान मण्यांची, बियांची वेगळी वाणं आहेत. त्यांची बाग वेगळी लावावी लागते. दुसरी, उष्ण देशात वाईन होऊच शकत नाही. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून शेतकरी त्याला दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. त्यामुळे फळ पावसाळा टाळून थंडीत पिकतं आणि जानेवारी ते मार्चमध्ये, गार रात्रींच्या जोरावर आंबटपणा राखून, खुडता येतं. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला सुरुवात केली, १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभी केली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. शतकांच्या परंपरेपुढे हे वय कोवळं आहे, आणि सगळं उत्तमच आहे असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी सर्वांत जास्त मतं जर्मनीच्या रीसलिंगला पडली, तीही ठेठरीसोबत. बेसनाची तळलेली, खारट ठेठरी आणि ती किंचित गोड, लिंबासारखी आंबट गार वाईन, हा जोड मी पुन्हा जमवणार आहे. सावजी रश्श्यालाही अशीच वाईन बरी, कारण टॅनिन आणि जादा अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात. दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लां मी नाशिकची समजले. चिलीच्या कार्मेनेरला आम्ही कुणीच ओळखलं नाही, पण त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नव्हतं. खुद्द चिलीत ते वाण मर्लो म्हणून लावलं आणि विकलं जात होतं. १९९४ साली ज्याँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने वेल पाहून ते वेगळं असल्याचं सांगितलं.

शेवटची बाटली नाशिकच्या शिराझची. दिरांनी लगेच सांगितलं की हे द्राक्ष इराणच्या शिराझ शहरातून आलं. गोष्ट सुंदर आहे, पण डीएनए तपासणीत त्याचे आईबाप आग्नेय फ्रान्सचे निघाले, दुरेझा आणि मोंदूझ ब्लांश. दीर थोडे हिरमुसले. तेवढ्यात नणंद म्हणाली, "मिरे. काळे मिरे. घोटाघोटाला येतात." जाऊबाईंनाही आले, मलाही. दिरांना काही केल्या येईनात. त्यांनी ग्लास गोल फिरवला, हाताने झाकून ठेवला, पुन्हा हुंगला. नणंद म्हणाली, "दादा, सर्दी झाली काय तुला?"

सर्दी नव्हती. शिराझमधल्या मिऱ्याच्या वासाचं कारण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलं. त्या रेणूचं नाव रोटंडोन, आणि तोच रेणू काळ्या मिऱ्यात असतो. त्याच तपासणीत दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही, तपासलेल्या सर्वांत जास्त प्रमाणातही. मी स्वयंपाकघरातून मिरे आणून खलात कुटले आणि दिरांपुढे धरले. "येतो की वास," ते म्हणाले. येणारच, मिऱ्यात इतरही वास असतात. पण त्यातला हा एक त्यांच्यापर्यंत कधीच पोहोचला नसावा, सत्तर वर्षांच्या सगळ्या रश्श्यांत, काढ्यांत आणि पापडांत. ते बराच वेळ खल हातात धरून बसले. मग त्यांनी तो नणंदेपुढे सरकवला आणि म्हणाले, "सांग बरं मला, तुला काय येतं ते."