'मजाक होता बे!' : मुलांची मस्ती आणि जातीचा शब्द

आजचा विषय तसा लहान मुलांचा आहे, पण त्यावर भांडतात ती मोठी माणसं. मधल्या सुट्टीत पोरांची ढकलाढकली चालते. कुणी पडतं, कुणी पाडतं. त्या ओघात एखाद्याच्या तोंडून जातीचा शब्द निघतो. पडलेलं पोर रडलं की आपल्या वर्ध्याकडे ठरलेलं उत्तर मिळतं, "मजाक होता बे!" दुसऱ्या दिवशी त्या पोराचे वडील शाळेत येतात आणि तिथून वाद सुरू होतो.

एक बाजू म्हणते, पोरं आहेत, त्यांना जात काय कळते? आज भांडतील, उद्या एका डब्यात जेवतील. उगाच जातीयवादाचा शिक्का मारून त्यांच्या डोक्यात नसलेली जात तुम्हीच घालता. दुसरी बाजू म्हणते, जात कळत नाही तर नेमका तोच शब्द, नेमक्या त्याच पोराला कसा लागला? हाच शब्द माझ्या आज्याने ऐकला, माझ्या बापाने ऐकला, आता माझ्या लेकाने पण ऐकायचा आणि हसायचं?

आमचं म्हणणं असं की या वादात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, बोलणाऱ्या मुलाच्या मनात काय होतं? दुसरा, तो शब्द किंवा तो खेळ कुठून आला आणि ज्याला लागला त्याचं काय झालं? तिसरा, मोठ्यांनी आता काय करायचं? पहिली बाजू पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते आणि तिन्ही सुटले असं समजते. दुसरी बाजू दुसऱ्याचं उत्तर देते आणि तसंच समजते. म्हणून दोघंही खरं बोलत असतात आणि तरी वाद मिटत नाही. आपण हे तीन प्रश्न सुटे करून पाहू.

आधी मस्तीबद्दल. मुलांची कुस्ती, पाठलाग, खोटी खोटी मारामारी यांचा अभ्यास पीटर स्मिथ आणि अँथनी पेलेग्रिनी यांच्यासारख्या संशोधकांनी बरीच वर्षं केला. त्यांच्या कामातून मस्ती आणि मारामारी यांतला फरक ओळखायच्या काही साध्या खुणा मिळतात. मस्तीत चेहरे हसरे असतात. ताकदवान पोर मुद्दाम जोर कमी लावतं, स्वतःहून खाली पडतं. वर-खाली होण्याची पाळी बदलते. आणि खेळ संपला की दोघं सोबतच राहतात, पांगत नाहीत. अशी मस्ती बहुतेक वेळा खऱ्या भांडणापर्यंत जात नाही, आणि मुलांच्या वाढीला ती लागतेही. तेव्हा प्रत्येक ढकलाढकलीत अत्याचार पाहणारा मास्तर चुकतो, हे आधीच सांगून टाकतो.

आता 'पाळी बदलते' ही खूण जरा धरून ठेवा. आपल्या मराठीतच एक खेळ आहे, शिवाशिवी. कुणी त्याला शिवणापाणी म्हणतं. ज्याच्यावर राज्य आलं तो पळतो, दुसऱ्याला शिवतो, आणि राज्य त्याच्यावर जातं. नावात 'शिवणं' आहे, पण खेळाची सगळी गंमत राज्य फिरण्यात आहे. दहा मिनिटांत सगळ्यांवर येऊन जातं. अस्पृश्यतेत पण शिवणंच होतं. फरक एवढाच की तिथे राज्य कधी फिरलं नाही. एकाच वस्तीवर पिढ्यानपिढ्या बसून राहिलं. म्हणून पटांगणावरच्या कुठल्याही खेळाला आम्ही पहिला प्रश्न हा विचारू, की डाव फिरतो का?

चोर-पोलीस घ्या. निरागस खेळ. पण समजा वर्गात पारधी बेड्यावरचा एक मुलगा आहे, आणि रोज चोर तोच होतो. कुणी त्याला जबरदस्ती करत नाही. तो स्वतःही हसत हसत पळतो, कारण चोर झाला नाही तर त्याला खेळायलाच घेत नाहीत. इथे एकाही मुलाने शिवी दिलेली नाही. तरी त्या खेळात इंग्रजांचा १८७१ चा कायदा पळतो आहे. त्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो जाच संपला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. पण गावात चोरी झाली की पहिला संशय कुणाच्या बेड्यावर जातो, हे मुलं घरी ओट्यावर बसून ऐकत असतात. त्यांना कायदा ठाऊक नसतो, पण चोर कोण हे ठाऊक असतं. ते आपण मोठ्यांनीच शिकवलेलं असतं, तेही शिकवतो आहोत हे लक्षात न येता.

तेव्हा 'पोरांना जात काय कळते' याचं उत्तर असं, की जातीचं शास्त्र कळत नाही, जातीची जागा मात्र कळते. याला साक्ष थेट बाबासाहेबांच्या बालपणाची आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना स्वतःचं गोणपाट नेऊन वेगळं बसावं लागे, आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. हे मोठ्यांनी केलेलं. पण पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलातला एक प्रसंग धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर वर्गातली मुलंच ओरडली, कारण त्यांचे डबे फळ्यामागे ठेवले होते. मुलं धावली आणि डबे बाजूला केले. तिथे कुणी आईबाप उभे नव्हते.

मग ती मुलं जातीयवादी होती का? इथे आम्ही थांबतो. कारण हा प्रश्न मुलाच्या स्वभावाचा होतो, आणि स्वभावाचा निकाल लावण्याची घाई नको. इंग्लंडमध्ये बॅरी ट्रॉयना आणि रिचर्ड हॅचर यांनी प्राथमिक शाळांतल्या वर्णद्वेषी चिडवण्याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९९२ चं. त्यांना दिसलं की भांडणाच्या भरात वर्णावरून शिवी देणारं मूल एरवी तसं मानत असेलच असं नाही. समोरच्याला सगळ्यात जास्त काय लागेल ते त्याने उचललेलं असतं. उलट, मनात तसं मानणारं मूल कधी तोंडातून शब्दही काढत नाही. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. शिवी हे मनाचं मोजमाप नाही. पण मुलाने 'सगळ्यात जास्त लागेल' म्हणून तोच शब्द निवडला, म्हणजे त्या शब्दाचं वजन त्याला पक्कं ठाऊक होतं. मूल निरागस असेल, शब्द निरागस नव्हता.

दुसरा प्रश्न, टोपणनावांचा. पोरं एकमेकांना ढेऱ्या, चष्मिश, लंबू काहीही म्हणतात. मग 'काळ्या' म्हटलं तर काय बिघडलं? मॅचच्या दिवशी मुसलमान पोराला 'पाकिस्तानी' म्हटलं तर? शेंडीवरून, भटजीपणावरून कुणाला चिडवलं तर? लागतं तर सगळंच, आणि शाळेचा नियम सगळ्यांना एकच हवा. पण वजन सारखं नाही. लंबूला लंबू म्हटल्यावर त्याच्या घराला कुणी पाणी बंद केलं नव्हतं. टोपणनाव परत करता येतं का, हे पाहा. मी तुला चष्मिश म्हटलं, तू मला ढेऱ्या म्हण, फिटंफाट. जातीचं नाव असं परत करता येत नाही. कारण उलट फेकायला तेवढ्या वजनाचा शब्दच समोरच्याकडे नसतो.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. त्या सिनेमात चिडवणारी वर्गातलीच पोरं आहेत, आणि ती हसताहेत. त्यांच्या दृष्टीने ती धमालच आहे. आता याच्याशी जोडलेली कायद्याची एक गोष्ट बघा. कैकाडी समाज आपल्या वर्ध्यासह विदर्भात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, फक्त राजुरा तालुका सोडून. उरलेल्या महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत येतो. म्हणजे तेच चिडवणं, तोच शब्द, वर्ध्यात ॲट्रॉसिटी कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं आणि सोलापुरात येत नाही. मुलाला लागलेलं मात्र दोन्हीकडे तेवढंच. कायदा लागू आहे की नाही यावरून अपमान झाला की नाही हे ठरत नसतं, एवढं यातून घ्यायचं.

तरी कायद्याची भीती दोन्ही बाजूंना असते, म्हणून थोडं स्पष्ट बोलू. १९८९ च्या या कायद्यात लोकांसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणं आणि हेतुपुरस्सर अपमान करणं हे गुन्हे आहेत. पण करणारं मूल असेल तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. कलम २१ प्रमाणे सात ते बारा या वयात त्या मुलाला परिणाम समजण्याइतकी जाण होती का, हे पाहावं लागतं. अठराच्या आतलं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं. आणि अतिगंभीर गुन्हा नसेल, मोठी माणसं त्यात सामील नसतील, तर एफआयआर न करता पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद करून मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असा बाल न्यायाचा २०१६ चा नियम आहे. 'पोराचं आयुष्य बरबाद होईल' या भीतीपोटी प्रकरण दाबणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं. आणि मुलांना शारीरिक शिक्षा करायला व त्यांचा मानसिक छळ करायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच घातली आहे. कलम १७ हे शिक्षकाच्या वागण्याबद्दल आहे. त्याच शिक्षकाच्या गप्प बसण्याबद्दल आपण समाज म्हणून कधी बोलणार?

आता उलट बाजूचा धोका. स्टीफन लॉरेन्स या तरुणाचा १९९३ मध्ये लंडनला खून झाला, आणि १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालाने सांगितलं की पीडिताला किंवा इतर कुणालाही एखादी घटना वर्णद्वेषी वाटली, तर ती तशी घटना म्हणून धरावी. रोख पोलिसांवर होता. तक्रार उडवून न लावता नोंद व्हावी, तपास व्हावा. पुढे शाळाही अशा नोंदी ठेवू लागल्या. २००९ मध्ये एड्रियन हार्ट यांनी पुस्तिका लिहून आक्षेप घेतला की पटांगणावरच्या किरकोळ भांडणांना वर्णद्वेषाचं नाव दिलं जातंय, आणि मुलं एकमेकांकडे रंगावरूनच बघायला शिकतील. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात एक गल्लत आहे. नोंद म्हणजे निकाल नाही. दवाखान्यात ताप लिहून घेतात, म्हणजे लगेच मलेरिया ठरत नाही. पण ताप लिहिलाच नाही, तर तो तिसऱ्यांदा आलाय हे कळणार कसं? एकच पोर महिन्यात चार वेळा रडून घरी जातंय, हे वहीत असेल तरच दिसतं. नाहीतर 'पोट दुखतंय' म्हणत ते शाळेला यायचं थांबतं, आणि आपण म्हणतो, त्यांच्यात शिक्षणाची आवडच नाही.

तिसरा प्रश्न, करायचं काय? आम्हाला चार गोष्टी सुचतात. एक, मुलावर शिक्का मारू नका, शब्दावर मारा. "तू जातीयवादी आहेस" म्हटलं की मूल स्वतःला वाचवायला लागतं. "हा शब्द या शाळेत चालत नाही, आणि तो का चालत नाही ते बस, सांगतो" म्हटलं की ते ऐकतं. दोन, ज्याला लागलं त्याला वर्गासमोर उभं करून साक्ष मागू नका, हात मिळवायला लावून प्रकरण मिटवू नका. त्याला एकट्यात विचारा आणि वाट पाहा. तीन, डाव फिरवा. चोर कोण, गोलकीपर कोण, झाडू कुणाच्या हाती, पाणी कोण वाढणार, हे पाळीने ठरू द्या. चार, पालकांना बोलवायचं तर दोन्हीकडच्या, आणि वेगवेगळं.

तिसऱ्या गोष्टीसाठी आपल्याला लांब जायची गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली, आणि सेवाग्रामात आशादेवी व आर्यनायकम यांनी नई तालीम चालवली. सफाई हा तिथे शिक्षणाचाच भाग होता, सगळ्यांसाठी. जे काम एका जातीच्या माथी मारलेलं होतं, ते पाळीने प्रत्येकाच्या हाती आलं की त्या कामावरून शिवी देणं अवघड होतं. त्याआधी जुलै १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. मंदिराचं दार एका दिवशी उघडता येतं. मधल्या सुट्टीतलं पटांगण रोज उघडावं लागतं, आणि ते काम कुणा पुढाऱ्याचं नाही, त्या तासाला ड्युटीवर असलेल्या बाईंचं किंवा सरांचं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी "मजाक होता" असं कुणी म्हटलं, तर हो की नाही यात अडकू नका. डाव फिरत होता का, नाव परत करता येत होतं का, आणि त्या पोराला खेळ सोडून जाता येत होतं का, एवढं विचारा. तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर पोरांना खेळू द्या. एकाचंही 'नाही' असेल तर मधे पडा, शांतपणे, पण त्याच दिवशी. आमचं बोलणं इथे थांबवतो. तुमच्या शाळांमधले अनुभव आणि आक्षेप आता ऐकायचे आहेत.