आधी हवा, मग गरम पाणी

सकाळी साडेसात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात गॅस गिझरवाल्याचा फोन चहा व्हायच्या आत वाजायला लागतो. "पाणी गरम येत नाही, मुलांची शाळा आहे, लगेच या." बऱ्याचदा दुखणं सेलचं असतं. गिझरच्या खालच्या डबीत दोन मोठे सेल असतात, ते उतरले की ठिणगी पडत नाही. सेल बदलून बघा, असं फोनवरच सांगतो. पण फोन ठेवण्याआधी विचारतोच, गिझर बाथरूमच्या आत आहे का बाहेर?

सव्वानऊ. कोथरूड, जुनी सोसायटी, दुसरा मजला. तक्रार अशी की गिझर पाच-सात मिनिटं चालतो आणि बंद पडतो. चार बाय सहाचं बाथरूम, गिझर आतच, त्याला धुराचा पाइप नाही. कबुतरांचा त्रास म्हणून खिडकीवर ॲक्रिलिकची शीट ठोकलेली, आणि दाराच्या फटीला पायपुसणं लावलेलं. काकू म्हणाल्या, "गार वारा येतो हो, नातवाला सर्दी होते."

त्यांना हिशोब सांगितला. सहा लिटरचा गिझर तासभर चालला तर किलोभर गॅस घेतो. एवढा गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आठ फूट उंचीच्या त्या बाथरूममध्ये हवा आहे जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत सगळी हवा गिझरच खाणार, आणि ज्योत बिघडायला तर त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण वासाचं रसायन त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं. पण ज्योतीत ते जळून जातं. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपट अधिक घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. आणि दाराची कडी आतून लावलेली असते.

त्या गिझरला ऑक्सिजन कमी झाला की बंद पडण्याची सोय होती. बिघाड म्हणून मला बोलावलं, पण गिझर आपलं काम चोख करत होता. "मग तो सेन्सर काढून टाका ना," काका म्हणाले. नाही म्हणालो. काढला असता तर दुसऱ्या दिवशी नातवाला त्याच बाथरूममध्ये आंघोळ घातली असती. शीट उतरवली, कबुतरांसाठी जाळी लावायला सांगितली, आणि गिझर बाहेर घेईपर्यंत गॅसचा कॉक बंदच ठेवा, असं बजावून निघालो.

साडेअकरा. बाणेरला नवीन फ्लॅट, ड्राय बाल्कनीत नवा गिझर. जागा उत्तम, पण बाल्कनी स्लायडिंगच्या काचांनी बंद करून घेतलेली. धुराचा पाइप डक्टमध्ये सोडा, असं मालकांचं म्हणणं. त्या डक्टमध्ये वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. आपला धूर वरच्यांच्या घरात जाणार. म्हणून बाहेरच्या मोकळ्या भिंतीला भोक पाडलं. पाइप गिझरच्या तोंडापेक्षा बारीक चालत नाही. आधी सरळ वर न्यायचा, मग चढ ठेवून बाहेर काढायचा, आणि टोकाला टोपी. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं.

मग उदबत्ती. गिझर सुरू करून वरच्या हुडच्या फटीपाशी ती धरायची. धूर आत ओढला गेला, म्हणजे पाइपला ओढ आहे. बरेच जण इथेच सामान आवरतात. मी वहिनींना काचा बंद करून स्वयंपाकघरातली चिमणी फुल स्पीडला लावायला सांगितली. दोन मिनिटांत उदबत्तीचा धूर फटीतून उलट माझ्या तोंडावर आला. चिमणी घरातली हवा बाहेर फेकते, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. सगळं बंद असलं तर ती धुराच्या पाइपातूनच उलटी येते आणि गिझरचा धूर घेऊन येते. चिमणी बंद करवली आणि स्लायडिंगची एक काच काढून तिथे लूव्हर्स बसवल्याशिवाय गिझर चालू करणार नाही, असं सांगितलं. खाली जमिनीलगतही एक झरोका हवा, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साठतो. मालक थोडे नाराज झाले, पण फॅब्रिकेटरला त्यांनी तिथूनच फोन लावला. संध्याकाळी लूव्हर्स बसल्यावर माझा भाचा जाऊन पुन्हा चिमणी लावून उदबत्ती धरून आला. धूर आत जात होता.

अडीच. डबा.

साडेतीन. कर्वेनगर. ज्योत पिवळी, वर काजळी. सिलिंडर जाऊन पाइपचा गॅस आला होता आणि कुणीतरी सिलिंडरचे जेट तसेच ठेवून नळी जोडली होती. ज्योत पिवळी पडली होती ती मात्र बर्नरमधल्या कोळ्याच्या जाळ्यांनी आणि धुळीने. या दोन गॅसचे जेट वेगळे असतात. जेट बदलले, बर्नर घासला, ज्योत निळी झाली. आजींनी सहज सांगितलं की आंघोळीनंतर रोज डोकं दुखतं. डॉक्टरांना दाखवा, आणि गिझर बाथरूममध्ये आहे हे त्यांना आवर्जून सांगा, म्हणालो.

सहा. एका भाड्याच्या खोलीत बाथरूममध्येच गिझर लावायचा होता. खिडकी नाही. मी नकार दिला. घरमालक म्हणाले, दुसरा लावून देईल. देईलही, आणि मला भीती त्याचीच वाटते. खोलीतल्या दोन्ही मुलांना वेगळं गाठून सांगितलं की इथे विजेचा गिझरच मागा.

रात्री आठ. तुमच्या घरी गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर आज एवढं कराच. बादली भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडा, आणि मगच आंघोळीला जा. या आठवड्यात माणूस बोलावून तो बाहेर हलवा. आत कुणी हाकेला ओ देत नसेल तर वाट बघू नका, दार तोडा, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.