यंत्र आले, माणसे कशी आली?

कोणत्याही कचेरीत नवे यंत्र आले की ते खोक्यातून बाहेर काढायला अर्धा तास लागतो आणि टेबलावर बसवायला एक दिवस पुरतो. त्या टेबलासमोरच्या खुर्चीत माणूस मनापासून बसायला मात्र किती काळ लागेल, हे यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत कुठेही छापलेले नसते. आपल्याकडच्या बँकांच्या बाबतीत त्या काळाचा अंदाज करता येतो. तो वीस वर्षांच्या आसपास भरतो.

साठच्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाऊस या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन केले होते. त्याची आठवण बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांमध्ये पुढे कितीतरी वर्षे ताजी होती. बँकांचे व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात यंत्रांबाबतचा पहिला करार १९८३ साली झाला. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली यांत्रिकीकरणाचा पहिला आराखडा दिला. १९८७ साली दुसरा करार झाला, १९८९ साली रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल आला आणि १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये तिसरा करार झाला. दहा वर्षांत तीन करार! बाहेरच्या माणसाला हा निव्वळ खोळंबा वाटतो. शेवटी केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी फर्मान काढले, की १ जानेवारी २००१ पर्यंत सरकारी बँकांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आलाच पाहिजे.

फर्मान दिल्लीत निघते. ते अमलात येते उमरग्याच्या, परंड्याच्या, कळंबच्या शाखेत. १९९९ साली आमच्या जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिवमधल्या, काही शाखांच्या संगणकीकरणाचे काम माझ्याकडे आले. ते करताना जे पाहिले, ते आज संगणकाच्याच धंद्यात असलेल्या तरुण मंडळींनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी त्या काळच्या शाखेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पितळी टोकन, जाळीच्या मागे बसलेले कॅशियर, आणि दोन हातांनी उचलावी लागणारी जाडजूड लेजरे. एका पानावर एक खाते. रोजच्या व्हाउचरांवरून खात्यात नोंदी करायच्या, दर महिन्याला सगळ्या शिलका उतरवून बेरीज जुळवायची. याला आम्ही बॅलन्सिंग म्हणत असू. ते एका फटक्यात जुळले तर शाखेत पेढे वाटावेत अशी स्थिती. फरक आला की मुरलेला क्लार्क आधी त्याला नऊने भागून पाही. भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असणार, ५४० चे ४५० झालेले असणार. मग फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. सहामाही व्याजाचा तर उत्सवच असे. बचत खात्यावर दर महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरून व्याज काढायचे. शेकडो पाने, आणि प्रत्येक पानावर सहा महिन्यांचे सहा आकडे!

ज्याला हे येत असे तो शाखेतला मोठा माणूस असे. मॅनेजर तीन वर्षांनी बदलून जाई, पण लेजरवाल्या क्लार्कला गाव ओळखत असे. संगणक आला की हे सगळे कसब एका रात्रीत निरुपयोगी होणार होते. विरोधाचे मूळ इथे होते. नोकरी जाण्याची भीती करारांनी बरीचशी कमी केलेली होती, यंत्रावर बसणाऱ्याला वेगळा भत्ताही मिळू लागला होता. पण वीस वर्षे ज्या कामामुळे आपल्याला मान मिळाला, ते काम आता पोरसवदा मुलगा बटण दाबून करणार, या दुःखावर कोणत्या करारात कलम घालणार?

आमच्या एका शाखेत अशा ज्येष्ठ क्लार्कना सगळे अण्णा म्हणत. मुख्य कार्यालयातून आलेल्या तज्ज्ञाने सगळ्यांना बसवून संगणकाचे फायदे सांगितले. वेग, अचूकता, ग्राहकसेवा असे सगळे झाले. अण्णा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘साहेब, ९३ च्या भूकंपानंतर सास्तूरकडची एक म्हातारी आपल्या शाखेत आली होती. घर गेलेलं, नवरा गेलेला, पासबुक मातीखाली. खातं नंबर तिला ठाऊक नाही, सही येत नाही. मी तिला ओळखलं. लेजरच्या पानावर तिच्या नावापुढं मी पेन्सिलीनं तिच्या माहेरचं गाव लिहून ठेवलं होतं. तुमचं मशीन तिला ओळखंल का?’’

खोलीत कोणी बोलले नाही. ज्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे, तिथे या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. तज्ज्ञ म्हणाले, ‘‘डेटा बरोबर भरला तर ओळखेल.’’ उत्तर तांत्रिकदृष्ट्या चोख होते, पण ते अण्णांपर्यंत पोहोचले नाही. कारण त्यात अण्णांना जागा नव्हती.

त्यानंतर आम्ही जे केले ते साधे होते. खात्यांची माहिती संगणकात भरण्याचे काम बाहेरच्या मुलांना दिलेले होते. प्रत्येक खात्याची छापील यादी अण्णांनी तपासायची आणि त्यांची सही झाल्याशिवाय ते खाते संगणकावर चालू करायचे नाही, असे ठरवले. एकाच गावात एकाच नावाची सात-आठ खाती असत. कोणता मळ्यातला, कोणता वेशीजवळचा, कोणाच्या वडिलांचे नाव काय, हे अण्णांच्या समासातल्या पेन्सिलीच्या नोंदींत होते. त्या नोंदी शेऱ्याच्या रकान्यात गेल्या. तिसऱ्या आठवड्यात अण्णाच त्या मुलांना दरडावू लागले, ‘‘अरे, हे नाव असं नाही, नीट भर. उद्या माणूस उभा राहील समोर.’’ त्यांच्या तोंडून ‘तुमचं मशीन’ गेले आणि ‘आपलं मशीन’ आले. याची तारीख कुठे नोंदलेली नाही, पण माझ्या मते त्या शाखेचे संगणकीकरण त्या दिवशी झाले.

विजेचा आक्षेपही असाच. भारनियमनाच्या दिवसांत ‘लाइट गेली तर काय?’ हा प्रश्न कोणी आडमुठेपणाने विचारत नव्हते. त्यातूनच रोज संध्याकाळी सर्व खात्यांच्या शिलकेची यादी छापून ठेवण्याच्या नियमाला त्या शाखेत कडक शिस्त आली. प्रिंटरच्या करकरीने कान किटत, पण दुसऱ्या दिवशी वीज नसली तरी काउंटर उघडा राही. विरोध करणारा माणूस पुष्कळदा आपल्या योजनेतले भोक फुकटात दाखवत असतो.

सगळे आक्षेप मात्र असे उदात्त नसतात, हेही मान्य करायला हवे. सहामाहीच्या कामाला ओव्हरटाइम मिळे. त्या पैशावर कुणाच्या मुलीची लातूरची फी भागत होती. यंत्राने तो ओव्हरटाइम जाणार होता. अशा माणसाला ‘देशाची प्रगती’ सांगणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्याशी पैशाचेच बोलावे लागते आणि यंत्रावरच्या भत्त्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा लागतो. तो हिशेब प्रत्येकाच्या बाबतीत जुळला असे नाही.

दुसरी भीती कोणी उघड बोलत नसे. चारचौघांत आपले हसे होण्याची. पन्नाशीच्या हेडकॅशियरने कीबोर्डवर ‘अ‍े’ शोधत बसायचे आणि दोन वर्षांच्या नोकरीतल्या मुलाने ते पाहायचे! म्हणून आम्ही शिकवणी कामाची वेळ संपल्यावर, एकेकट्याला देत असू. उलट शाखेतल्या महिला सहकाऱ्यांनी यंत्र सर्वांआधी आपलेसे केले. बॅलन्सिंग जुळले नाही की पुरुष रात्री आठपर्यंत बसू शकत. त्यांना मात्र शेवटची एसटी गाठायची असे, आणि घरी चूल वाट पाहत असे. साडेपाचला दिवस जुळतो म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही महिने लेजर आणि संगणक दोन्ही बरोबरीने चालवले. काम दुप्पट झाले, कुरकुरही झाली. पण रोज संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज तीच येते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर भाषणाची गरज उरली नाही. आपल्या मराठवाड्याला ही रीत नवी नाही. निजामी राजवटीचा हाली सिक्का आणि भारताचा कलदार यांचा व्यवहार आमच्या आजोबांनी सात हालीला सहा कलदार असा केला. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला, तेव्हाही जुनी नाणी नव्यांबरोबर काही काळ चालू ठेवली होती. नव्या नाण्यावर १९६४ पर्यंत ‘नया पैसा’ असे लिहिलेले असे. लोकांना सवय झाली आणि मग ‘नया’ हा शब्द गळून पडला.

हे सगळे आठवायला निमित्त झाले माझ्या भाचीचे. ती पुण्याला हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या दिवाळीत आली तेव्हा कावलेली होती. तिच्या गटात अशी पद्धत आणायची होती, की प्रत्येकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘‘मामा, चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. सगळे मान डोलावतात आणि करत कोणीच नाही. सीनिअर लोकांना वाटतं, आमच्या कामावर अविश्वास दाखवतेय.’’

मला गंमत वाटली. ज्यांनी आमच्या अण्णांना यंत्रे दिली, त्यांच्याच घरात आता अण्णा निघाले! मी तिला विचारले, बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने पास केल्याशिवाय पुढे जात नाही, हे तुला ठाऊक आहे ना? मेकर आणि चेकर. तिथे कोणालाच तो अविश्वास का वाटत नाही? कारण मॅनेजरने केलेली नोंदसुद्धा दुसरे कोणीतरी तपासते. नियम माणसावर नसतो, व्हाउचरवर असतो. ‘‘तू गटात सर्वांत आधी कोणाचं काम तपासायला मागितलंस?’’ ती म्हणाली, नव्या मुलांचं. ‘‘मग आधी तुझं काम त्या सर्वांत जाणत्या सीनिअरपुढे ठेव आणि म्हण, यातलं काय चुकलंय ते सांगा.’’

संक्रांतीला तिचा फोन आला. त्या सीनिअरने तिच्या कामात अकरा गोष्टी काढल्या म्हणे, त्यांतल्या तीन खरोखर गंभीर होत्या. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःचे काम तिच्याकडे पाठवले. गटातले दोघे अजूनही तयार नाहीत. मी म्हटले, दोघे राहू देत. त्यांचे म्हणणे काय आहे, ते मात्र लिहून ठेव.

कारण सगळे कधीच येत नाहीत. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. जाणाऱ्यांची कारणे नाना प्रकारची होती. कोणाला धंदा करायचा होता, कोणाला आजारपण होते, पण काही जण निव्वळ पडद्यापुढे बसायचे नाही म्हणून गेले. आमचे ते हेडकॅशियर त्यांतलेच. बोटांनी नोटा मोजण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. बदल यशस्वी झाला असे आपण म्हणतो, तेव्हा ही रक्कमही नावे टाकून मगच शिल्लक काढावी.

पुढे शाखाशाखांचे संगणक एकमेकांना जोडले गेले. २०१० च्या एप्रिलपासून बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज मिळू लागले. हाताने ते कधी शक्यच झाले नसते. ज्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या पासबुकावर मराठवाड्याच्या पिढ्या वाढल्या, ती २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. आज तुळजापूरला देवीच्या वाटेवरचा परडी विकणाराही मोबाइलवर पैसे घेतो. हे चांगलेच झाले.

पण अण्णांचा प्रश्न अजून संपलेला नाही. आता खातेदाराला अंगठ्याच्या ठशावरून यंत्र ओळखते. आयुष्यभर खुरपे धरलेल्या, ऊस तोडलेल्या हातांच्या रेषा कधी कधी झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. म्हातारी पदराला अंगठा पुसते आणि पुन्हा ठेवते. अशा वेळी काउंटरच्या आत बसलेल्या मुलाला ती कोणाची कोण, हे माहीत असेल तर तिचे काम होते. नसेल तर ती उन्हात परत जाते. नवी पद्धत आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी तिच्या आणि त्या मुलाच्या मधे जरा वेळ उभे राहावे. पुढच्या सभेत काय बोलायचे, ते तिथेच सुचेल.