हात गेला, हक्क जाऊ देऊ नका

गेल्या वर्षी माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी सलग आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. वडील पलंगावर बसले होते, उजव्या हाताला जाड पट्टी. वाळूजच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर पत्रा लावताना प्रेस खाली आला आणि अंगठा सोडून चारही बोटे गेली. वय चाळीस. ठेकेदाराने साठ हजार रुपये देऊ केले होते, सोबत एक स्टॅम्प पेपर. 'यापुढे माझी कोणतीही मागणी नाही,' असे त्यावर लिहिलेले.

मुलीची अम्मी म्हणाली, "टीचर, अल्लाहची मर्जी. ते देतायत हेच खूप."

मी विचारले, "भाईजान, सही केलीत का?"

"सही कोणत्या हाताने करू? उद्या अंगठा घ्यायला येणार आहेत."

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूज एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून सहा कामगार दगावले. ती बातमी देशभर गेली. पण प्रेसखाली बोटे जातात, त्याची बातमी होत नाही. ते दुःख घरातल्या घरात सबर करून गिळले जाते. सबर हा आपल्या ईमानाचा भाग आहेच, पण हक्क सोडून देणे म्हणजे सबर नव्हे. इस्लामी फिकहमध्ये शरीराच्या हानीसाठी दियत ठरवून दिलेली आहे. पूर्ण दियत शंभर उंट आणि प्रत्येक बोटाची दहा, मग ते बोट अंगठा असो की करंगळी. ती खैरात नाही, जकातही नाही. ज्याचे नुकसान झाले त्याचा तो हक्क आहे. आपल्या देशाचा कायदाही हेच मानतो.

त्या घरात आम्ही पत्र्याचा डबा उघडला. तीन जुन्या पगारपावत्या निघाल्या. प्रत्येकीवर ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विम्याची कपात होती. दरमहा एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. कामावर झालेल्या अपघातासाठी 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी हक्क मिळतो. बरे होईपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या 90 टक्के रक्कम मिळते. अपंगत्व कायमचे राहिले, तर वैद्यकीय मंडळ त्याची टक्केवारी ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. एका हाताची चार बोटे गेली तर कायद्याच्या तक्त्यात 50 टक्के धरले आहेत. भाईजानची मजुरी रोज पाचशे होती. तिचे 90 टक्के म्हणजे साडेचारशे आणि त्याचे निम्मे म्हणजे रोज सव्वादोनशे रुपये, तेही हयातभर. आता हिशेब करा, साठ हजार किती दिवसांत संपले असते? नऊ महिन्यांत.

विमा लागू नसेल तर? तिथे नुकसानभरपाईचा कायदा आहे. तो 1923 सालचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहेत, पण हिशेबाची पद्धत तीच आहे. मासिक पगाराचे 60 टक्के घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. पगार कितीही असला तरी जानेवारी 2020 पासून हिशेबाला जास्तीत जास्त पंधरा हजार धरतात. चाळीस वर्षांसाठी आकडा 184.17 आहे. म्हणजे पूर्ण अपंगत्वाचे 16,57,530 रुपये आणि चार बोटांचे त्याच्या निम्मे, 8,28,765. उपचाराचा खर्च वेगळा. कामगार ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाला जबाबदारी झटकता येत नाही. आणि हक्क सोडल्याचा स्टॅम्प पेपर? कायद्याने तो रद्दबातल आहे. मात्र एकदा अंगठा दिला की माणूस घाबरून पुढे पाऊल टाकत नाही. ठेकेदाराला तेवढेच हवे असते.

म्हणून भगिनींनो, हे काम अपघाताआधीच करून ठेवा. घरातला माणूस कारखान्यात जात असेल तर त्याचा विमा क्रमांक विचारा. पगारपावती, हजेरी कार्ड आणि गेटपासचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. अपघात झालाच तर मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. दवाखान्याच्या कागदावर 'कामावर असताना अपघात' असे लिहून घ्या. कुणी 'घरी पडलो म्हणून सांग' म्हणाले तर ऐकू नका. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा. कोर्टाची भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो.

आपल्यापैकी काही जण स्वतः वर्कशॉप चालवतात. त्यांनाही सांगणे आहे. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपल्या नबींनी (स.) दिली आहे. मग ज्याने तुमच्या मशीनवर रक्त सांडले, त्याचा विमा न भरणे कोणत्या हिशेबात बसते?

भाईजानने अंगठा दिला नाही. अपघाताचा अहवाल मिळवायला पाच चकरा झाल्या, वैद्यकीय मंडळापुढे दोनदा जावे लागले. आता दरमहा पैसे बँकेत येतात. मुलगी दहावीत आहे. परवा तिने वडिलांची वही दाखवली. ते डाव्या हाताने सही गिरवत होते.