चितळ हेडलाइटसमोर का थिजतं?

रविवारची पहाट, चार-पाच बाइक, मनसरला चहा-पोहे आणि मग पुढे पेंच. नागपुरात कॉलेजला असाल तर जबलपूर रोडची ही राइड तुम्ही केली असेल, नाहीतर ग्रुपवर बेत तरी आखला असेल. एक लक्षात आलं का? मनसर सोडून खवासाकडे जाताना रस्ता मध्येच लांबलचक पुलावर चढतो. खाली मोठी नदी नाही की रेल्वेही नाही. मग पूल कशासाठी?

उत्तरासाठी आधी चितळाची गोष्ट ऐका. आपल्याला वाघ भडक केशरी दिसतो. चितळाला मात्र केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. त्याच्या डोळ्यांना गवतातला वाघ हिरवटच दिसतो आणि पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या! म्हणून चितळ रंगांच्या भरवशावर राहत नाही. त्याची भिस्त कान, नाक आणि समोरच्या हालचालीवर. खुट्ट झालं की ते जागीच थबकतं, कान टवकारतं. धोका कुठून येतोय हे कळायच्या आत पळालं, तर थेट वाघाच्या तोंडात जायचं.

रात्रीचीही सोय आहे. डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो. अंधुक उजेडही तो परत फिरवतो, म्हणून चितळाला अंधारात आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं दिसतं. टॉर्च मारल्यावर डोळे चमकतात ते यामुळेच.

आता हेच चितळ रात्री हायवेवर आणा. अंधारासाठी बनलेले डोळे हेडलाइटने दिपतात. धोका नीट कळेना, मग ते जन्मजात शिकवणीप्रमाणे थबकतं. समोरून ट्रक येत असतो. ज्या सवयीने पिढ्यान्‌पिढ्या जगवलं, तीच इथे जिवावर उठते.

अस्वलाचंही तेच. त्याला वरचे मधले दोन दात नसतात आणि नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात. म्हणजे वारूळ फोडायचं, धूळ फुंकायची आणि फटीतून वाळवी सुर्रकन ओढायची. वाघ समोर आला तरी ते बऱ्याचदा पळत नाही, मागच्या पायांवर उभं राहून अंगावर जातं. वाघही अशा वेळी दोनदा विचार करतो. कंटेनर करणार आहे का?

त्यात आपला उन्हाळा! पारा ४५ वर गेला की जनावरं दिवसा सावलीला नाहीतर पाणवठ्याला पडून असतात आणि रात्री फिरतात. म्हणजे रस्ता ओलांडायची त्यांची वेळ आणि ट्रकची वेळ एकच.

म्हणूनच पेंचमधून जाणारा हा रस्ता चौपदरी करायचं ठरलं तेव्हा मोठा वाद झाला, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. शेवटी महाराष्ट्रातल्या टप्प्यात प्राण्यांसाठी ९ ठिकाणी खालून वाट सोडली. त्यातली सगळ्यात रुंद ७५० मीटरची. जनावरं तिथून जातील का, याची अनेकांना शंका होती. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने कॅमेरे लावले. २०१९ मध्ये १८ जातींचे प्राणी खालून जाताना दिसले. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा गेले!

चितळाचे डोळे बदलायला लाखो वर्षं लागतील. रस्त्याचा नकाशा बदलायला काही वर्षं पुरली.

पण विदर्भात जंगलातून जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याला अशी वाट नाही. चंद्रपूर-मूलसारख्या रस्त्यावर रात्री गाडी तुमच्याच हातात असते. तेव्हा स्पीड कमी ठेवा. रस्त्यात डोळे चमकले की अप्पर बंद करा, थांबा, हॉर्न वाजवू नका. चितळ कळपाने फिरतं, एक गेलं म्हणजे मागून आणखी येणार. त्यांनाही जाऊ द्या. मोबाइल खिशातच राहू द्या. रील नाही झाली तरी चालेल.

थबकणं त्याच्या रक्तात आहे. ब्रेक तुमच्या पायाखाली आहे.