घरच्या वर्कशॉपमध्ये फोरमन नसतो

"डॉक्टरसाहेब, दुखत काहीच नाही. हिने धोशा लावला म्हणून आलो," असे म्हणत एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात आले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये ३३ वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले. तीन दिवसांपूर्वी उजव्या डोळ्यात 'काहीतरी बारीक' उडाले होते. थोडे पाणी आले, काकूंनी गुलाबपाणी घातले आणि दुसऱ्या दिवशी लाली ओसरली. मी त्यांचा डावा डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले, तेव्हा ते घुटमळले. "धुकं पडल्यासारखं दिसतंय," म्हणाले. दोन्ही डोळे उघडे असताना हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते.

बॅटरीच्या उजेडात बुबुळाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी एक खूण दिसली. मी लगेच डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे काढून घेतला. त्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. लोखंडाचा तुकडा डोळ्याच्या आत जाऊन बसला होता. संध्याकाळच्या गाडीने त्यांना पुण्याला पाठवले.

आता हा तुकडा आला कुठून? काका घराच्या मागच्या पडवीत आगगाडीचे इंजिन बनवतात. खेळण्यातले नव्हे. पुण्यातले भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अनेक वाचकांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. तिथल्या गाड्या विजेवर धावतात. काकांचे इंजिन मात्र खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेवर चालायचे आहे. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी रुळांवर १९०७ सालापासून जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीची जी इंजिने धावत असत, त्यांतल्याच एकाची सुमारे सातास एक या प्रमाणातली ही प्रतिकृती. रुळांतले अंतर साडेतीन इंच. त्यासाठी त्यांनी बटाल्याचा एक जुना लेथ विकत घेतला, स्वतः दुरुस्त केला. चाके, सिलिंडर, दट्टे सगळे त्यावरच उतरवले.

हा छंद मूळचा इंग्लंडातला. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले, तेव्हापासून तिथली कारकून, शिक्षक, घड्याळजी मंडळी परसातल्या खोपटात लेथ मांडून अशी इंजिने बनवत आली आहेत. निवृत्त माणसाला याहून चांगला छंद मी तरी सुचवू शकणार नाही. डोके चालते, हात चालतात आणि माणूस दिवसभर टीव्हीसमोर बसत नाही. म्हणून हा लेख छंदाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या दिवशी काका छिन्नी-हातोड्याने एक पट्टी तोडत होते. छिन्नी जुनी. वर्षानुवर्षे घाव खाऊन तिचे डोके कडेने पसरलेले, भूछत्रासारखे. अशा पसरलेल्या कडेचा कपचा घाव बसताच बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो. "वर्कशॉपमध्ये अशी छिन्नी फोरमनने हातात धरू दिली नसती," हे काकाच मला म्हणाले. नोकरीत ज्यांच्या अंगावर कधी ओरखडा आला नाही, अशी कुशल माणसे घरच्या पडवीत का जायबंदी होतात, याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले. पडवीत टोकणारे कोणी नसते. पायात चप्पल असते, अंगावर लुंगी असते, आणि "एवढंच तर काम आहे" म्हणून गॉगल खुंटीलाच राहतो.

न दुखण्याचे कारणही समजून घ्या. ग्राइंडरची ठिणगी बहुधा बुबुळाच्या वरच्या पारदर्शक पडद्यावर चिकटते. तो पडदा अतिशय हळवा असल्याने डोळा इतका खुपतो की माणूस मुकाट्याने डॉक्टरकडे येतो. हातोड्याखालून सुटलेला बारीक, धारदार कपचा मात्र इतक्या वेगाने जातो की पडदा भेदून थेट आत शिरतो. भोक लहान असल्याने आपोआप मिटते आणि दुखणे थांबते. आत मात्र लोखंड हळूहळू विरघळू लागते. त्याचा गंज दृष्टिपटलाला विषासारखा बाधतो. काही आठवड्यांनी, महिन्यांनी रात्रीचे दिसणे कमी होते, बाहुलीभोवतालचा रंग तांबूस होऊ लागतो आणि हळूहळू नजर जाते. तांब्याचा कण तर कित्येकदा काही तासांतच डोळा सुजवतो, आणि अशा इंजिनांचे बॉयलर तांब्याचेच असतात. शिवाय जखमेतून जंतू शिरले तर दोन दिवसांतही डोळा हातचा जातो.

म्हणून धातूवर धातू आपटताना डोळ्यात काही गेल्यासारखे वाटले, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा आणि 'हातोड्याचे काम करत होतो' हे आवर्जून सांगा. डोळा चोळू नका, दाबू नका, त्यात मलम किंवा गुलाबपाणी घालू नका. कागदी कपाचा बूड कापून डोळ्यावर अलगद ठेवा आणि कडेने चिकटपट्टी लावा. वाटेत काही खाऊ-पिऊ नका, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ही घटना तिथल्या डॉक्टरांना अवश्य सांगा. त्या यंत्राचे चुंबक आतला लोखंडी कण हलवून डोळा फाडू शकते.

वरवर चिकटलेली ठिणगीही घरी काढायची नाही. कापसाची वात, रुमालाचे टोक, काडेपेटीची काडी, इतकेच काय, शेजारच्या कुणाची जीभ, हे सगळे उपाय करून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ठिणगीभोवती एका दिवसात गंजाचे कडे धरते आणि मग निव्वळ ठिणगी काढून भागत नाही. डोळा बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घरी घालणे तर फार वाईट. दुखणे थांबते आणि बुबुळ सडू लागते.

वाचायचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. बाजूने झाकलेला, पॉलिकार्बोनेटचा गॉगल घ्यावा. चष्म्यावरून घालायचेही मिळतात. आणि नातू बघायला उभा असेल तर त्यालाही एक हवा.

लेथचे नियम जाणत्यांना पाठ असतात, पण घरी विसरले जातात. फिरत्या चकसमोर हातमोजे घालू नयेत. बोट कापेल म्हणून लोक घालतात, आणि मोजा अडकला की बोटच काय, मनगटापर्यंत हात ओढला जातो. लुंगी, मफलर, सैल बाही, अंगठी, गळ्यातली साखळी यांचेही तेच. चकची चावी चकमध्ये सोडून बटण दाबू नये. निघालेला कीस ब्रशने काढावा. तोंडाने फुंकला की तो आपल्याच डोळ्यात येतो.

धुराविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो दिसत नाही. बॉयलरचे सांधे चांदीच्या डाखाने जोडतात. जुन्या जातीच्या कांड्यांत कॅडमियम असे, आणि भंगारवाल्याकडे किंवा जुन्या पेटीत त्या अजून सापडतात. पितळ फार तापले की जस्ताचा धूर निघतो. त्याने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. कॅडमियमचा तापही काही तासांनी असाच सुरू होतो, पण पुढे फुफ्फुसात पाणी भरते आणि माणूस दगावू शकतो. पाकिटावर 'कॅडमियमविरहित' असे छापलेलीच कांडी आणा आणि काम उघड्या अंगणात करा. डाखाच्या कामानंतर रात्री छाती भरून आली, धाप लागली, तर फ्लू समजून गोळी घेऊन झोपू नका. जुनी एस्बेस्टॉसची दोरीही पॅकिंगला वापरू नये. ग्राफाइटची दोरी मिळते.

हात रॉकेलने धुण्याची आपल्याकडे सरसकट सवय आहे. त्याने कातडीतला स्निग्धांश जातो, भेगा पडतात आणि तेलाने इसब होतो. साबण वापरावा. लेथवर चालणाऱ्या पितळात थोडे शिसे असते, तेव्हा हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये. मुळात मळूच नये, पण तो वेगळा लेख होईल.

काकांचा तुकडा पुण्याला शस्त्रक्रियेने निघाला. तो आता एका बाटलीत घालून त्यांनी लेथवर टांगला आहे. उजव्या डोळ्याने तक्त्यावरच्या वरच्या चार ओळी वाचता येतात. खालच्या मात्र परत आल्या नाहीत. डोळ्यासमोर विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे झाले तर त्याच दिवशी यायचे, असे त्यांना बजावून ठेवले आहे. छिन्नीचे डोके त्यांनी ग्राइंडरवर घासून सरळ केले. गेल्या महिन्यात बॉयलरची चाचणी झाली. आत हवा नव्हे, पाणी भरून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाने. ती बघायला मला बोलावले होते. दारातच काकूंनी माझ्या हातात गॉगल दिला.